उघाडीच्या दोन फळ्या

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. वाशीच्या एका डॉक्टरांना एकदा सांगावंसं वाटलं होतं. पण तोवर त्यांनी माझ्या गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण अडकवली होती, आणि गळ्यात दुर्बीण असलेल्या माणसाकडून लोकांना असलं काही ऐकायचं नसतं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

करावे गावाच्या खाडीकडच्या अंगाला पाणपक्ष्यांचं एक छोटं उद्यान झालंय, ते कदाचित तुम्ही पाहिलं असेल. तिवरांची दाट झाडी, मध्ये उथळ पाणी, बघणाऱ्यांसाठी बांबूचा आडोसा. दर रविवारी सकाळी मी तिथं लोकांना पक्षी दाखवतो. नव्या सोसायट्यांमधली कुटुंबं येतात, चहाचे थर्मास घेऊन येतात. शेकाट्या दाखवतो, तुतवार दाखवतो, आणि शेवटी त्यांना जागेची गोष्ट सांगतो — इथं पूर्वी मिठागर होतं, ते बंद पडलं, एका म्हाताऱ्या रखवालदाराच्या नजरचुकीनं बांध फुटला, खाडी आत आली, आणि माणसानं सोडलेली जागा निसर्गानं ताब्यात घेतली. "तेव्हा त्या म्हाताऱ्याचे आभार माना," असं मी म्हणतो. लोक हसतात. दर रविवारी त्याच वाक्याला हसतात.

या गोष्टीत एक जागा खोटी आहे. ती सांगायलाच बसलोय. पण हात पोचत नाही अजून — जरा मागून येऊ द्या.

मी मूळचा कराडकडचा. समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. नवं शहर वसवायचं काम जोरात होतं आणि मी मोजणी खात्यात सर्व्हेअर म्हणून लागलो होतो. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. करावेचं मिठागर नुकतंच सरकारजमा झालं होतं. पुढं तिथं भराव टाकून सेक्टर पाडायचे होते, आणि त्याआधी जमिनीचा उंचसखलपणा मोजायचा होता. ते काम माझ्याकडं आलं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

मिठागर म्हणजे काय, तर खाडीच्या कडेनं घातलेला मातीचा लांबच लांब बांध आणि त्याच्या आत मिठाचे वाफे. बांधात एके ठिकाणी पाण्याला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. दगडी दोन खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत एकावर एक सोडलेल्या सागाच्या सात जाड फळ्या. खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं, कधी अडवायचं, ते या फळ्यांवर. पण उघाडी नुसती मिठागराची नव्हती. वाफ्यांच्या मागं गावाची भातशेती होती. तिलाही तोच बांध राखत होता. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की तीन-चार वर्षं तिथं गवतसुद्धा धड येत नाही.

उघाडीला हात लावायचा मान गावात एकाच घराचा. जोमा पाटील हे त्या घरातले तिसऱ्या पिढीचे. साठीचे असतील, काळे, काटक, गुडघ्यापर्यंतची लंगोटीवजा लुंगी. सगळे त्यांना जोमाबाबा म्हणत, मीही म्हणत असे. पावसाळा संपला की मिठाचा हंगाम सुरू होताना उघाडीपाशी नारळ फोडायचे ते त्यांनीच. मिठागर गेलं तरी शेतीसाठी उघाडी सांभाळायला सरकारनं त्यांनाच रोजावर ठेवलं होतं.

त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता पुरी होणार ते निघतं — हे बोटांवर मोजायचे. माझ्याकडं मात्र मुंबई बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता होता. तास, मिनिटं, सगळं. मी तो त्यांना काढून दाखवायचो. म्हणायचो, बोटं दुखतील, बाबा. ते हसायचे. एकदा एवढंच म्हणाले होते, "ता मुंबयचा पानी, सायेब. आपल्या खारीत चढाला त्याला येल लागतो." मी ऐकलं आणि सोडून दिलं. अंगठेबहाद्दर माणसानं छापलेल्या कागदाला शिकवावं? असं वाटलं मला. हे जसं वाटलं तसंच लिहितोय.

तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा होता. अमावास्येला उधाणाची भरती, आणि ती दुपारी बाराच्या सुमाराला. गावात घरोघरी पितरांचं पान वाढायचं होतं, त्यामुळं बांधावर चिटपाखरू नव्हतं. जोमाबाबा अकराला निघाले. सातही फळ्या त्यांनी माझ्यादेखत ठोकून बसवल्या, वरून हात फिरवला. "पानी उतराय लागला का मी येतंय. तवर फल्यांना हात लावू नका," म्हणाले, आणि घरी गेले.

मला पलीकडच्या उंचवट्यावर दुर्बिणीचं यंत्र मांडायचं होतं. मध्ये एक चर होता, काळ्या चिखलानं भरलेला, तीन-चार हात रुंद. आणि माझ्या पायात नवे बूट होते.

हसू नका. किंवा हसा — लोक तसेही हसतातच या गोष्टीला.

मी तक्ता काढला. भरती पुरी, बारा वाजून दहा मिनिटं. घड्याळात बारा पंचवीस. म्हणजे पाणी चढायचं तेवढं चढलं, आता उतरणारच. उघाडीजवळ जाऊन बघितलं, पाणी पाचव्या फळीच्या काठाला टेकलेलं. वरच्या दोन फळ्या कोरड्या ठणठणीत, कुणाच्या कामाच्या नाहीत. त्या मी काढल्या आणि चरावर आडव्या टाकल्या. बुटाला चिखल न लागता पलीकडं गेलो. काम झालं की परत बसवणार होतो. आयुष्यात मी इतकं साधं काम दुसरं केलेलं नाही.

पाठ उघाडीकडं, डोळा यंत्राला. किती वेळ गेला? वीस मिनिटं असतील. मग पिठाच्या गिरणीत धान्य ओतल्यासारखा आवाज आला. वळून बघितलं तर उघाडीवरून पाणी आत पडत होतं — पाचव्या फळीच्या वरून, जिथं दोन फळ्या असायला हव्या होत्या तिथून. मुंबईचं पाणी आमच्या खाडीत चढायला लागतो तेवढा वेळ घेऊन आलं होतं. पडणारं पाणी आतल्या बाजूनं बांधाची माती खात होतं.

इथवर चूक. चुकीचं मी काही लपवलं नसतं, असं मला वाटतं — खरंच वाटतं का? माहीत नाही. खरं ते पुढं आहे.

त्या गावात बांधाची हाक म्हणून एक रीत होती. बांधाला भगदाड दिसलं की ज्याला दिसलं त्यानं ओरडत गावात शिरायचं, आणि प्रत्येक घरानं एक माणूस टोपली-फावडं घेऊन धाडायचा. ताटावरचा माणूससुद्धा उठायचा. जोमाबाबांनीच मला हे सांगितलं होतं, अभिमानानं. त्या दिवशी तर सगळे पुरुष घरीच होते. छपरावर पान ठेवून कावळ्याची वाट बघत होते. गाव तिथून दहा मिनिटांवर, धावत सहा. मी हाक दिली असती तर पन्नास-साठ माणसं आली असती, आणि बांध वाचला असता. मी नंतर हिशेब मांडून पाहिलाय, अनेकदा. वाचलाच असता.

पण पहिला प्रश्न काय आला असता? फळ्या कोणी काढल्या?

मी हाक दिली नाही. मी चराकडं गेलो, त्या दोन फळ्या उचलल्या, आणि चराच्या तळाशी, एकीवर एक, पायांनी दाबून चिखलात गाडल्या. बूट घोट्याच्या वर बुडाले. मग उभा राहिलो. माझ्या पाचावर धारण बसली होती, हे खरं, पण फळ्या गाडायला मला सुचलं होतं, हेही खरं. पाऊण तासात उघाडीचा एक खांब कलला, आणि मग बांधाची वीस हात भिंत बसली — धाडकन नाही, दमलेलं माणूस बसतं तशी. पाणी वाफ्यांवरून शेतांकडं निघालं. लोंब्या धरलेलं भात होतं. तेव्हा कुठं मी गावात गेलो आणि सांगितलं, बांध गेला.

आठ दिवसांनी मिठागराच्या जुन्या चौकीत चौकशी झाली. आमचे मोठे साहेब, गावचे सरपंच, चार-सहा जाणती माणसं. भात तोवर पिवळं पडलं होतं. जोमाबाबांना विचारलं, फळ्या बसवल्या होत्या का? ते म्हणाले, साती बसवल्या. पुरावा काय? तेव्हा त्यांनी माझ्याकडं बोट केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. साक्षीदार आहे म्हटल्यावर माणूस निवांत होतो तसे ते होते.

"सायेब व्हते तितं. त्यांना इचारा."

साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी उघाडीकडं पाहिलं तेव्हा वरच्या दोन फळ्या नव्हत्या."

शब्द बघा कसे निवडले होते. एकेक शब्द खरा. जोमाबाबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या बुटांकडं. बूट मी चार वेळा धुतले होते, पण काळ्या चिखलाची रेघ शिवणीतून जात नाही. त्यांनी ओळखलं. ओळखून ते गप्प का बसले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नव्या शहरामुळं बाधित घरांतल्या एकेका मुलाला पुढं नोकरी द्यायची यादी आमच्याच कचेरीत होती आणि तिच्यात त्यांच्या मुलाचं, हिराचं, नाव होतं, म्हणून? की माझ्या शब्दापुढं त्यांच्या शब्दाला कोण विचारतो, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं?

त्यांचा रोज बंद झाला. तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी. गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही, शिवीगाळही केली नाही. फक्त लग्नकार्यात त्यांच्या हातचा विडा घेईनासे झाले. तीन पिढ्यांचा मान होता, आणि ज्यांचं भात बुडालं ते सगळे त्यांचे भाऊबंदच होते. त्यांचं स्वतःचं शेतही त्यातच गेलं. बायको टोपली घेऊन मासळी विकू लागली. ते रोज फुटक्या बांधावर येऊन बसायचे, बोटं मोजायचे, आणि पाणी आत येताना बघायचे.

बांध पुन्हा बांधायचा, की आधी भराव टाकायचा, यात कचेरीत कागद फिरत राहिले. फिरता फिरता वर्षं गेली. भरतीबरोबर तिवरांच्या शेंगा आत आल्या आणि चिखलात रुजल्या. मग पक्षी आले. आणि माझं पक्षीप्रेम सुरू झालं, ते असं — मला भीती होती की फळ्या वर येतील. दर सुट्टीच्या दिवशी मी तिथं जायचो आणि चराच्या बाजूला बघत उभा राहायचो. एकदा कोणीतरी विचारलं, काय बघता हो? तोंडातून गेलं, पक्षी. मग पक्ष्यांची नावं शिकणं भाग पडलं. पुस्तक घेतलं. पुढं ते वाशीचे डॉक्टर भेटले, त्यांना वाटलं आपल्यासारखा एक सापडला. बदलीची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा मी नाकारली. लोक म्हणाले, बघा, पाखरांपायी बढती सोडली यानं. मी कुठं जाणार होतो? गेलो आणि मागं फळ्या वर आल्या तर?

पाच वर्षांनी जोमाबाबा वारले. दहाव्याला मी गेलो होतो. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. खाडीच्या कडेला, त्याच फुटक्या बांधाच्या टोकाला पिंड ठेवले. समोर तिवरांवर बगळे होते, पाणकावळे होते, एवढे पक्षी की मोजून दमावं. एक कावळाही होता, पण तो फांदीवरून हलेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिलीय. मग एकेक जण पुढं होऊन बोलू लागला. भाऊ म्हणाला, हिराचं लगीन मी करून देतो. कावळा हलला नाही. मेहुणा म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही. नाही. तास झाला. ऊन चढलं. शेवटी गावातले एक वयस्क गृहस्थ पुढं आले, आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "जोमा, उघाडीचा मनात ठेव नको. गावानं तुला माफ केलाय."

ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना माफी मिळाली, माझ्यादेखत. कावळा तरीही आला नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मला ठाऊक होतं काय बोलायला हवं ते. पिंडापासून मी चार हातांवर उभा होतो. एक वाक्य होतं, मोठ्यानं म्हणायचीही गरज नव्हती. जिभेवर आलं होतं का? नाही. खोटं कशाला सांगू — मी त्या वेळी कावळ्यालाच मनात म्हणत होतो, ये बाबा, ये आणि सोडव मला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. माणसं डोळे पुसत घरी गेली. मीही गेलो आणि जेवलो.

पुढं डॉक्टरांच्या खटपटीनं जागा उद्यान म्हणून राखायचं ठरलं. कमिटीत मी. रखवालदार हवा होता, मी हिराचं नाव सुचवलं. यादीतली नोकरी त्याला मिळालीच नव्हती. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं, की थोडं फेडलं. दारावर माहितीफलक लावायचा होता, मजकूर लिहायला माझ्याकडं आला. मी काही वेगळं लिहू शकत होतो. बांध फुटला, एवढंच लिहून भागलं असतं. पण कमिटीतल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती, गाळली तर कोणी विचारेल, असं वाटलं. मी लिहिलं, ‘रखवालदाराच्या नजरचुकीने उघाडीच्या दोन फळ्या बसवायच्या राहून गेल्या.’ रंगाऱ्यानं सुबक अक्षरांत रंगवलं. फलकावर पक्षी बसतात, घाण करतात. हिरा रोज सकाळी ओल्या फडक्यानं तो पुसतो, त्या ओळीवरूनही फडकं फिरवतो.

आता शेवटचं. यासाठीच लिहायला बसलो.

मागच्या हिवाळ्यात आडोशासाठी नवे बांबू रोवायचे होते. हिरा जुन्या चरापाशी खणत होता. मी रविवारी गेलो तर तो माझी वाट बघत उभा. पायाशी दोन फळ्या धुवून ठेवलेल्या. सागाच्या, जाड, चिखलात राहून काळ्या झालेल्या पण कुठं किडलेल्या नाहीत. कडेला त्याच्या आजोबांनी तापलेल्या सळईनं पाडलेली खूण तशीच होती.

तो म्हणाला, "सायेब, एकीवर एक व्हत्या. कुनी ठेवल्यासारक्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाबा मरताना बोलला, साती मीच बसवलेल्या. मना वाटला, म्हातारा लाजेपायी बोलतंय. खरा बोलला का वो?"

चाळिशी उलटलेला माणूस. बापाचा दोष अंगावर घेऊन मोठा झालेला, त्याच दोषाचा फलक रोज पुसणारा. त्यानं जगात दुसऱ्या कोणाला नाही, मला विचारलं. बापानंही मलाच साक्षीला बोलावलं होतं.

मी म्हणालो, "वाहून आल्या असतील रे. वय झालं होतं त्यांचं, विसरले असतील."

त्यानं मान हलवली. पटलं त्याला. किंवा त्याच्या बापासारखंच, पटल्यासारखं केलं. त्या घरातली माणसं कशी गप्प बसतात ते मला माहीत आहे.

फळ्या टाकवेनात त्याला. त्यानं खाली दोन दगड रचले आणि त्यांवर त्या फळ्या ठोकून बसायला बाकडं केलं, फलकाच्या अगदी खाली. म्हणाला, सायेब, तुमचे गुडघे दुखतात, लोक यायचे असतात तवर बसाया बरा.

सातही फळ्या जोमाबाबांनी बसवल्या होत्या. वरच्या दोन मी काढल्या, हाक दिली नाही, आणि त्या मीच गाडल्या.

उद्या रविवार आहे. वाशीहून वीस-पंचवीस माणसं येणार आहेत. साडेसहाला हिरा बाकडं पुसून ठेवेल.